भट्टीवर न पडणारा उजेड

गौराक्का गेल्याचं मला कळलं, तेव्हा आबा तिच्या घरी केव्हाच जाऊन पोचले होते. मी शाळेतून आले तर आमच्या लोहारशाळेचं दार ओढून घेतलेलं, भट्टी विझवून राख सारखी केलेली. शेजारचा पंक्चरवाला टायर तसाच टाकून उठला आणि म्हणाला, "बाई, तुमचं वडील मगाशीच रिक्षानं गेलं की. त्या पत्र्यावाल्या मावशी वारल्या म्हणं." मी पर्समधून फोन काढून पाहिला. एकही मिस्ड कॉल नव्हता. तिच्या पुतण्यानं, बसवराजनं, पहिला फोन आबांना केला होता, आणि आपण मंदाला, म्हणजे मला, कळवावं हे आबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. रडू मागाहून आलं, भरपूर आलं. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, जे आलं तो हेवा होता. गेली दहा-बारा वर्षं त्या दोघांच्या बाबतीत मला जो वाटत आला तोच. म्हणजे इथंही मी दुसरीच...

आबा म्हणजे माझे वडील. कसबा बावड्यात, साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची लोहारशाळा आहे आणि तिच्या पाठीमागं आमचं घर. खुरपी, विळे आणि मुख्य म्हणजे ऊसतोडीचे कोयते. आबांच्या कोयत्यासाठी पार गगनबावड्याकडनं माणसं यायची. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी भट्टीजवळ जायची मला फार हौस, पण आबा उंबऱ्यावरच अडवायचे. "पोरीनं हिकडं यायचं न्हाय, ठिणगी उडती." मग मी उंबऱ्यावर बसून कोळशानं फरशीवर सांडशी काढायची, ऐरण काढायची, घण काढायची. त्यातनंच पुढं चित्रकलेची शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. आम्ही फार बोलायचो असं नाही. जेवताना "भाजीत मीठ हाय न्हवं?" एवढंच कधीकधी. पण ते न बोलणं आमच्या दोघांचं होतं, त्यावर माझा हक्क होता. तिथं दुसरं कुणी येऊन बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गौराक्का आली ती पत्रा कापायची भली मोठी कात्री घेऊन. माहेर कुरुंदवाडचं, बोलण्यात मधूनच कानडी शब्द, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडं ऐकू जावा. नवऱ्याचं शहरात पत्रेकामाचं दुकान होतं. चाळण्या, डबे, धान्याच्या कणग्या असलं काम. तो गेल्यावर दीर म्हणाला, दुकान विकूया. ती म्हणाली, विकायचं असेल तर तू तुझं घर विक. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः पत्रा कापायला बसली. त्या दिवशी मी घरातच होते. तिनं कात्री ऐरणीवर ठेवली आणि म्हणाली, "मिस्त्री, हिची धार गेलीया. शहरात दोघांनी लावून दिली, दोघांनी बी वाटूळं केलं. तुम्ही करणार असशीला तर ठेवतो, न्हायतर हितनंच माघारी जातो." ती कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी स्वतःबद्दल येतो-जातो असंच बोलायची. आबांना उद्धट गिऱ्हाईक खपत नसे. मला वाटलं, आता हे तिला वाटेला लावणार. तर आबांनी कात्री उचलली, उजेडाकडं धरली आणि चक्क हसले. "ठेवा," म्हणाले. "आणि पावणं, चहा घेऊन जावा." आई गेल्यानंतर आबांनी कुणाला चहा विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तो चहा मीच केला, आणि त्यात साखर जरा कमीच घातली होती.

मग ती येतच राहिली. कधी कात्रीला धार लावायला, कधी पत्रे जोडायचे रिवेट करून घ्यायला, कधी नुसतीच. तिच्या दुकानात जड पत्रा वाकवायला काही नव्हतं, म्हणून ती आमच्या ऐरणीवर वाकवायची. एकदा मी शाळेतून आले तर ती ऐरणीपाशी उभी, तोंडावर भट्टीची तांबूस धग, हातात आबांचा रोजचा हातोडा. आबा बाजूला उभं राहून सांगत होते, "मनगट सैल सोड. हातोडा त्याच्या वजनानं पडू दे." मी उंबऱ्यावर थांबले. त्या उंबऱ्याच्या आत मला ज्या वयात यायचं होतं ते वय कधीच मागं पडलं होतं, आता मला कुणी अडवतही नव्हतं, पण पाय आत गेला नाही. तिनं मला पाहिलं. "ये की गं आत! बाहीर काय उभी हायस, पावण्यासारखी?" माझ्याच घरात मला ती आत बोलावत होती.

त्याच सुमारास कोयते परत यायला लागले. पहिला आला तेव्हा आबांनी गिऱ्हाइकालाच झाडलं. मग दुसरा आला, तिसरा आला. गगनबावड्याकडचा एक जुना माणूस होता, आबांच्या बरोबरीचा. त्यानं कोयता पिशवीतनं काढून मुकाट्यानं पुढं ठेवला. धार लाटेसारखी वळली होती. तो एवढंच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हातचा हाय म्हणून लोकांना दावला न्हाय." त्यानं आबांना शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते दिवसभर पोलादाला नावं ठेवत राहिले. पण मला ठाऊक होतं काय होतंय. कोयत्याला पाणी देताना तापलेली धार पाण्यात बुडवून काढतात, दगडानं झटकन घासतात, आणि मग मागच्या उष्णतेनं धारेवर रंग सरकत येतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा तपकिरीकडं झुकला की लगेच पुन्हा पाण्यात. घाई झाली तर धार काचेसारखी तडकते, उशीर झाला तर वळते. आबांना तो पिवळा दिसतच नव्हता. निळा दिसेपर्यंत ते वाट बघत होते.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू आधीच काढलेला होता, आता पडदाच पातळ होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचं, आणि काम करताना भरपूर उजेड घ्यायचा. मी त्याच संध्याकाळी लखलखीत ट्यूबलाइट लावून घेतली. आबांनी सकाळी भट्टी पेटवली आणि कपाळाला हात लावला. लोहारशाळेत अंधार असतो तो काही दळिद्रीपणामुळं नव्हे. लोखंड किती तापलंय ते त्याच्या रंगावरनं कळतं आणि तो रंग अंधारातच खरा दिसतो. लख्ख उजेडात लालबुंद लोखंड पण काळपटच वाटतं, माणूस अजून तापवत राहतो, आणि लोखंड जळतं. आबांचं त्या सकाळी तसंच झालं, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. त्यांनी ट्यूब काढून भिंतीला टेकवून ठेवली. "धारेला उजेड पायजे आणि भट्टीला अंधार," ते म्हणाले, "एकाच खोलीत दोन्ही कुठनं आणायचं? बंद करूया आता. झालं की लई वर्षं." ते मला नाही, गौराक्काला म्हणाले. मी तिथंच होते.

चहाचा कप खाली ठेवून गौराक्का भट्टीकडं, मग कोयते बुडवायच्या पाण्याच्या हौदाकडं, मग वर आढ्याकडं बघत बसली. मी घरात गेले आणि ड्रॉइंगचा कागद काढला. का काढला, तर तिच्या आधी मला काहीतरी सुचावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी सूप काढलं. आपलं धान्य पाखडायचं सूप, तीन बाजूंनी उभी कड आणि एक बाजू मोकळी. ते पालथं टांगायचं, पाठ भट्टीकडं, मोकळी बाजू हौदाकडं, बल्ब आत खोल बसवायचा. उजेड जिथं हवा तिथंच सांडेल, भट्टीवर एक तिरीप पडणार नाही. दुसऱ्या दिवशी गौराक्का आली तर तिच्या हातात तेलाचा डबा कापून केलेली एक चोंगी होती, नळकांड्यासारखी. तिलाही तेच सुचलं होतं, फक्त आकार वेगळा. मी कागद पुढं केला. तिनं बघितला, आपली चोंगी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मिस्त्री, हे बघा. लेकीनं काय काढलंय. माझं ऱ्हाऊ द्या, हे करूया." आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "व्हय काय," म्हणाले. बस्स, एवढंच. आणि तिला विचारलं, "जमंल काय तुला?"

त्या दिव्यांच्या कामात पुढचे किती महिने गेले ते मला आज नेमकं सांगता यायचं नाही. एका बाजूनं जुन्या पिंपाचा जाड पत्रा. गौराक्का तो कापायची, कडा दुमडायची, रिवेट मारायची. दुसऱ्या बाजूनं आबा लोखंडी पट्ट्या तापवून दिव्यांचे हात घडवायचे, भिंतीतनं बाहेर येणारे, मध्ये कोपरासारखा सांधा, म्हणजे दिवा ओढून खाली घेता यावा, वळवता यावा. सुपाचा मागचा कोपरा एका अखंड पत्र्यातनं निघेना, तेव्हा मी जाड पुठ्ठ्यात त्याचा उलगडा कापून दिला. घडी घातली की सूप तयार. गौराक्कानं तो पुठ्ठा उलटसुलट करून बघितला आणि मोठ्यानं म्हणाली, "हे मला सात जन्मात सुचलं नसतं." ती खोटं कधी बोलायची नाही, हीच पंचाईत होती. आतनं पांढरा रंग दिला तर तो भट्टीच्या धगीनं पोपडून निघाला, मग तिनं भांड्याला करतात तशी कल्हई केली. दिव्याचं पोट आतनं चांदीसारखं झळकायला लागलं. पहिल्यांदा बल्ब पिवळा लावला. आबांनी कोयत्याला पाणी दिलं आणि पुन्हा तेच, पिवळी छटा दिसेना. मी म्हणाले, पिवळ्या उजेडात पिवळा रंग पुसला जातो, पांढरा बल्ब लावा. लावला, तर खरंच थोडा फरक पडला. तेव्हा आबा वळून म्हणाले, "गौरा, पोरगीनं बराबर सांगितलं बघ." मी हाताच्या अंतरावर होते. माझं कौतुक माझे वडील तिला सांगत होते.

सगळे दिवे भिंतीवर चढले त्या संध्याकाळी वायरमन बटण दाबून बाजूला झाला. पाण्याच्या हौदावर एक, लोखंड आवळून धरायच्या वाइसवर एक, ऐरणीच्या शेपटाकडं एक. तीन ठिकाणी उजेडाची तीन डबकी साचल्यासारखी झाली आणि मधे भट्टी आपल्या अंधारात शाबूत. आबांनी कोयता तापवला. लाल, मग भगव्याकडं झुकणारा लाल... बाहेर काढला, पाण्यात बुडवला, दिव्याखाली दगडानं घासला आणि वाकून बघत राहिले. आम्ही दोघी श्वास धरून. धारेवर काहीतरी हललं. आबांनी कोयता सपकन पाण्यात घातला. "दिसलं," ते म्हणाले. आणि त्यांनी मान वर केली ती सरळ गौराक्काकडं. तिनं दोन्ही हात झटकले. "माझ्याकडं काय बघताय? चित्र तिचं हाय." मग आबांनी माझ्याकडं बघितलं. पण कुणीतरी सांगितल्यावर बघणं आणि आपोआप नजर वळणं यात फरक असतो, तो मला त्या उजेडात फार स्वच्छ दिसला.

पुढं ते दिवे बघायला लोक यायला लागले. कुणाला हॉटेलसाठी हवे, कुणाला बंगल्याच्या फाटकासाठी. गौराक्का प्रत्येकाला दारातच सांगायची, "डिझाइन मंदाबाईचं. शाळेत शिकवत्यात." एकदा कुणीतरी फोटो काढून बातमी छापली. तिनं त्या माणसाला माझं नाव दोनदा लिहून घ्यायला लावलं होतं. तरी छापून आलं ते 'मिस्त्री, गौराक्का आणि त्यांची कन्या'. आमची आत्या ते वाचून तणतणत आली. मी आत्याला गप्प केलं, पण बोचलं मलाही. गौराक्कानं एकदा तरी माझं श्रेय लाटलं असतं तर मला तिच्याशी नीट भांडता आलं असतं. तिनं ती सोय कधी केली नाही. शेवटी एकदा ती हौदावर हात धूत असताना मी सरळच विचारलं, "अक्का, तुम्ही आणि आबा लग्न करणार आहात का?" ती इतकी हसली की खोकला लागला. "एकदा केलं, पुरं झालं. तुझ्या बाला मी पत्रा कापून देतो, भाकरी थापून देणार न्हाय. ते काम तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." मग पदराला हात पुसत जवळ आली. "भ्यालीस काय गं? तुझा बाप कोण पळवून न्हेतंय..." मी नाही म्हणाले. पण पळवून न्यायला माणूस हलवावाच लागतो असं थोडंच आहे.

तो खोकला तेव्हापासूनचाच असावा. परवाच्या हिवाळ्यात, थंडी सुरू होताना, तिचा मला फोन आला. "मंदा, उद्या सुट्टी काढ. दवाखान्यात जायाचं हाय. तुझ्या बाला बोलू नको." मी गेले. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मी उत्तर जुळवत होते तोवर गौराक्का म्हणाली, "लेक. ल्ही, लेक." फुप्फुसाचं दुखणं होतं आणि वेळ निघून गेलेली होती. परत येताना रिक्षात तिनं माझा हात धरला होता, आणि त्या दिवसापासून मी तिला 'अगं' म्हणायला लागले. पुढचे सगळे महिने मी तिच्याबरोबर जात राहिले, आणि संध्याकाळी लोहारशाळेत आबा "गौरा आज आली न्हाय?" असं विचारायचे तेव्हा मी म्हणायची, काम असेल. मला तिच्याबद्दल भयंकर वाईट वाटत होतं. आणि तरीही आबांना ठाऊक नसलेली गौराक्का माझ्या एकटीच्या वाट्याला आली आहे, हे मी मनात घट्ट धरून होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढं होते.

त्यांच्याकडं, लिंगायतांत, जाळत नाहीत, माती देतात. तिला माती देऊन आम्ही घरी आलो, अंघोळी केल्या, आणि मी आबांना सगळं सांगायला बसले. कधीपासूनचं दुखणं, तिनं कसं सांगू नको म्हटलं होतं. आबा खाली बघून ऐकत होते. म्हणाले, "ठाव हाय मला. पाऊस सुरू व्हता तवाच बोलली ती. मंदाला सांगू नगा म्हणली, भिईल ती." पाऊस सुरू होता तेव्हा. म्हणजे माझ्या आधी कितीतरी. मी ज्या गुपितावर इतके महिने जगले ते आबांकडं आधीच होतं, आणि ते रोज मला 'आली न्हाय?' असं विचारत होते ते मला संशय येऊ नये म्हणून! मला राग आवरेना. मी म्हणाले, "मला तिनं दवाखान्यात लेक म्हणून लावलं होतं. कागदावर." आबांनी मान वर केली. मग म्हणाले, "मला कवा न्हेलं न्हाय तिनं दवाखान्यात. लई डाव म्हणलो, येतो म्हणून." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. माझ्याइतकं ते कुणाला ओळखू येणार?

तिचं दुकान आता बसवराज बघतो. गेल्या आठवड्यात तो आला आणि पिशवीतनं पत्रा ठोकायची लाकडी मोगरी काढून वाइसजवळच्या टेबलावर ठेवली. चिंचेच्या लाकडाची, एका अंगानं झिजलेली, दांड्यावर तिच्या मुठीचा काळपट ठसा. "काकी म्हणलीती, ही बावड्यात न्हेऊन दे म्हणून. पण कुणाला द्यायची ते बोलली न्हाय." आबा म्हणाले, माझ्याकडं दे. मी म्हणाले, माझ्याकडं. पोरगं गडबडलं. चहा न घेताच गेलं. आम्ही दोघं त्यावरनं खरोखर भांडलो, आवाज चढवून, आई असताना भांडायचो तसं. आबा म्हणाले, तू तिनं काय ठोकणार हायस? मी म्हणाले, तुमचा तरी हात आता कुठं उचलतो?

मोगरी अजून टेबलावरच आहे, दिव्याच्या उजेडात, मधोमध. म्हणजे मधोमध मी ठेवते. शाळेतून आले की आधी तिकडं जाते, तर ती आबांच्या स्टुलाच्या बाजूला वीतभर सरकलेली असते. आत जाऊन चहा ठेवते, दोन कप घेऊन येते, आणि कप ठेवायला जागा करते आहे असं दाखवून तिला माझ्या बाजूला ओढून घेते. आबा भट्टीकडं तोंड करून बसलेले असतात. पण त्यांना दिसतं. आता तिथं उजेड चांगला आहे.